काळी ४ आणि एक चिमटा

"ही बाप्यांची पट्टी आहे गं," सासूबाई म्हणाल्या आणि अंतऱ्याच्या तोंडाशीच थांबल्या.

मी गिटारवर सी धरला होता, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी १. त्या भावगीताच्या शब्दांवर कुणीतरी लिहून ठेवलेले कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, मोबाइलवर सापडले होते, ते मी जसेच्या तसे उतरवून घेतले होते. लिहिणाऱ्यानं ते मूळ गायकाच्या, म्हणजे एका पुरुषाच्या आवाजाप्रमाणे लिहिले होते, हे माझ्या गावीही नव्हतं. सासूबाईंनी मुखडा निभावून नेला. अंतरा वरच्या सा-कडे चढायला लागला तसा त्यांचा आवाज ताणला गेला आणि मग चिरकलाच. खालून घेऊन पाहिलं, तर मुखडा पुटपुटल्यासारखा व्हायला लागला. शेवटी त्या उठल्या, कोपऱ्यातल्या पेटीवरचं कापड बाजूला केलं, भाता सोडला आणि एक सूर दाबून धरला.

"माझी काळी ४. लग्नाच्या आधीपासून तीच आहे. हिला घे."

"घेते हं आई," मी म्हटलं. काळी ४ गिटारवर कुठे असते हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गिटार मुळात लेकीची. अकरावीचे क्लास सुरू झाल्यावर ती कपाटावर गेली आणि वर्षभर तिथेच धूळ खात पडली. टाकवेना म्हणून मी खाली काढली, नव्या तारा चढवून आणल्या आणि रात्री भांडी आवरल्यावर अर्धा-पाऊण तास बसायला लागले. आठ महिन्यांत मला जी, सी, डी, ई मायनर, ए, ए मायनर, ई आणि बी सेव्हन एवढं यायला लागलं होतं. हे सगळे मोकळ्या तारांचे कॉर्ड. दोन ते चार बोटं ठेवायची, बाकीच्या तारा आपसूक वाजतात. अडलं होतं ते एफवर. एफला तर्जनी आडवी करून पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या कांबींमधल्या पहिल्या घरात) सहाही तारांवर दाबून धरायची आणि वर उरलेल्या तीन बोटांनी ई-चा आकार करायचा. याला बार कॉर्ड म्हणतात. माझ्या एफमधून दोन तारा वाजायच्या आणि चार ठप्प. तर्जनीवर तारांचे वळ उमटायचे, अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची, आणि तोवर गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं.

आता काळी ४ म्हणजे ए फ्लॅट. त्या पट्टीतल्या गाण्याला साधारण लागणारे कॉर्ड म्हणजे ए फ्लॅट, डी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ मायनर. चारही बार कॉर्ड. एकाला रडत होते, आता चार झाले.

आमच्या मजल्यावर एक गोव्याचे काका राहतात. तरुणपणी चर्चच्या गायनवृंदात गिटार वाजवायचे. त्यांना जिन्यात गाठून विचारलं. ते हसले, आत गेले आणि एक पेन्सिल नि दोन रबरबँड घेऊन आले. पेन्सिल पहिल्या फ्रेटच्या अलीकडे तारांवर आडवी ठेवली आणि रबरबँड मानेच्या मागून वळसे घालून दोन्ही टोकांना अडकवला. "आता जी वाजव," म्हणाले. मी वाजवला. दोन तारा भणभणल्या, पण बाकीच्यांतून जो सूर निघाला तो सासूबाईंच्या पेटीतला होता. बोटं जी-ची, सूर काळी ४ चा. "आमच्या वेळी हाच कॅपो. तू दुकानातला आण," काका म्हणाले. "आणि एफ सोडू नको."

पहिला सल्ला मी दुसऱ्याच दिवशी पाळला. दुसऱ्याला चार महिने लागले.

दादरच्या एका वाद्यांच्या दुकानात विक्रेत्यानं आधी विचारलं, "तारा नायलॉनच्या की स्टीलच्या?" नायलॉनवाल्या गिटारीची मान रुंद आणि सपाट असते, स्टीलवालीची अरुंद आणि वरून किंचित गोलावा असलेली. एकीचा कॅपो दुसरीवर धड बसत नाही, कडेची एखादी तार सुटून राहते. माझी स्टीलची. मग त्यानं काचेवर तीन प्रकार मांडले. एक रबरी पट्ट्याचा, स्वस्तातला. एक मागून स्क्रू आवळायचा. आणि एक स्प्रिंगचा, हाताच्या मुठीत दाबला की जबडा उघडतो. स्क्रूचा चांगला, दाब हवा तेवढाच देता येतो, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मी स्प्रिंगचा घेतला, कारण तो एका हातानं लावता येतो. अडीचशे रुपये.

घरी आल्यावर सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "कपड्यांना लावायचा चिमटा गिटारला कशाला?" त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव चिमटा.

लावायला सोपा दिसतो, पण पहिल्या संध्याकाळी माझं काही जमेना. आधी मी तो थेट फ्रेटच्या धातूच्या कांबीवर बसवला. सगळा आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा दबका. मग दोन कांबींच्या बरोब्बर मध्ये लावला, तर जाड तार भणभणते आणि बाकीच्या चढ्या लागतात. त्याची खरी जागा कांबीच्या अलीकडे, तिला जवळजवळ टेकून, पण तिच्यावर न चढता. आणि कांबीला समांतर. मी डोळ्यांनी समांतर लावायचे आणि तो तिरका जायचा, म्हणून मग सवय केली: जबडा उघडायचा, कॅपो आधी कांबीवर हलकेच टेकवायचा, एक दाण्याएवढा मागे ओढायचा, मग सोडायचा. सोडल्यावर सहाही तारा वरून खाली एकेक करून छेडायच्या. एखादी ठप्प बोलली तर पुन्हा. घाईत हे टाळलं की पहिल्याच कॉर्डला पस्तावा होतो.

दुसरी गोष्ट ट्यूनिंगची. स्प्रिंग तारांना नुसती दाबत नाही, किंचित ओढतेही. म्हणजे मोकळ्या तारा सुरात लावून मग कॅपो चढवला की सगळ्या केसभर चढलेल्या. म्हणून आधी कॅपो, मग ट्यूनर, म्हणजे सूर दाखवणारं यंत्र. पण ट्यूनरवर ओळखीची ई ए डी जी बी ई ही अक्षरं दिसायची थांबतात; पहिल्या फ्रेटवर कॅपो असला की एफ, ए शार्प, डी शार्प, जी शार्प (म्हणजेच ए फ्लॅट), सी, एफ दिसतात. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या वेळी मी ट्यूनरवर ई आणायला जाड तार उतरवत गेले, उतरवत गेले, आणि शेवटी कॅपो लावूनही गिटार होती तिथेच येऊन बसली. अर्धा तास गेला. सासूबाई पेटीवर काळी ४ धरून बसल्या होत्या. भाता मारून हात दुखला तेव्हा म्हणाल्या, "आधी चहा कर."

चहाबरोबर खरं शिक्षण झालं. मी त्यांना समजावून सांगत होते की जी-च्या घरातल्या गाण्यात जी, सी, डी आणि ई मायनर लागतात, आणि कॅपो लावला तरी बोटं तीच राहतात. त्यांनी विचारलं, "जी म्हणजे सा धर. मग सी कोण?"

मी बोटांवर मोजलं. सा, रे, ग, म. "मध्यम."

"आणि डी पंचम. ते मायनर?"

"धैवत."

"मग सरळ सांग ना, सा, म, प आणि ध. तुम्ही इंग्रजीत सरगमच करता की." बशीतला चहा संपवून त्या पुढे म्हणाल्या, "सा हलला की सगळे हलणार. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं हे मला आठ महिने कळलं नव्हतं. मी जी आणि सी ही घरांची नावं समजत होते, म्हणजे गिटारवर ठरलेल्या जागी उभे असलेले कॉर्ड. सासूबाईंच्या डोक्यात एकच सा आणि बाकीचे त्याचे नातेवाईक. कॅपो हा सा-ला उचलून पुढच्या घरात नेणारा चिमटा; नातेवाईक मुकाट मागे जातात.

त्या रात्री मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीच्या दोन लांब पट्ट्या कापल्या. एकीवर पेटीचे बारा सूर क्रमानं लिहिले: पांढरी १, काळी १, पांढरी २, काळी २, पांढरी ३, पांढरी ४, काळी ३, पांढरी ५, काळी ४, पांढरी ६, काळी ५, पांढरी ७, आणि पुढे पुन्हा तेच. दुसरीवर शून्यापासून अकरापर्यंत आकडे, तेवढ्याच मापाच्या घरांत. माझे येणारे आकार कुठे बसतात ते पहिलीवर लाल पेननं: सी पांढरी १ वर, डी पांढरी २ वर, ई पांढरी ३ वर, जी पांढरी ५ वर, ए पांढरी ६ वर. आता आकड्यांची पट्टी सरकवायची. शून्य जी-खाली ठेवला की काळी ४ खाली १ येतो, म्हणजे जी-चे आकार आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो. शून्य ई-खाली ठेवला की ४. डी-खाली ६. सी-खाली ८. चार वेगवेगळ्या तऱ्हांनी तेच गाणं, त्याच काळी ४ मध्ये.

यातही मी एकदा तोंडघशी पडले. पट्ट्या घरी राहिल्या होत्या आणि मनातल्या मनात मोजताना विसरले की पांढरी ३ आणि पांढरी ४ यांच्यामध्ये काळी नसते. ई-च्या आकारांना कॅपो चौथ्याऐवजी पाचव्यावर गेला. सासूबाईंनी पहिला शब्द उच्चारायच्या आधीच मान हलवली. "पांढरी ६ झाली ही." पेटी समोर नव्हती, तंबोरा नव्हता, काही नव्हतं. गळ्यालाच कळतं म्हणे.

आषाढी एकादशीला त्यांच्या भजनी मंडळात मी पहिल्यांदा गिटार घेऊन बसले. सगळ्या साठीच्या पुढच्या बायका. पेटीवर एक काकू, तबल्याला त्यांचे यजमान. मी घरून कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून, ट्यूनरवर सगळं हिरवं करून आले होते. काकूंनी काळी ४ धरली, मी जी छेडला, आणि दोन्हींच्या मध्ये डास फिरल्यासारखी एक घरघर. कुणाला नेमकं काय ते कळेना, पण सगळ्यांचे चेहरे आंबट.

काकूंची पेटी किंचित चढी होती. पेट्यांचं असं असतं. रीड जिथे लावली तिथेच राहते, ती जगाच्या ट्यूनरला विचारत बसत नाही. आणि कॅपो अर्ध्या सुरानंच पुढे जातो, मधली दोन-चार पावलं त्याला येत नाहीत. म्हणजे इथे गिटारच्या खुंट्यांनाच हात घालायला हवा होता. योगायोगानं पहिल्या फ्रेटवर कॅपो असताना गिटारची तिसरी मोकळी तार म्हणजेच काळी ४. काकूंना म्हटलं, सूर धरून ठेवा, आणि ती तार घरघर थांबेपर्यंत हळूहळू वर नेली. जवळ येताना घरघरीचा वेग कमी होत जातो, मग नुसती एक लाट उरते, मग तीही विरते. ट्यूनर पाहिला तर काटा मध्यरेषेच्या उजवीकडे. ट्यूनर ज्या मूळ सुराच्या कंपनसंख्येवरून बाकीचे सूर मोजतो, तो ४४० चा आकडा बदलायची सोय असते. तो ४४४ केल्यावर काटा मध्यावर आला. मग बाकीच्या पाच तारा त्या हिशेबानं. तेव्हापासून मंडळात गेले की ४४४, घरी आले की ४४०. घरची पेटी कशी कोण जाणे, बरोबर आहे.

श्रावणात एका घरी भजन होतं. बाहेर मुसळधार, आत अगरबत्तीचा धूर, आणि सासूबाईंना आदल्या दिवसापासून सर्दी. सुरुवातीलाच म्हणाल्या, "आज पांढरी ५ ला घेऊ." मी रुबाबात कॅपो काढून गिटारच्या डोक्याला लावून ठेवला. मोकळा जी. दोन भजनं झाली. तिसऱ्याच्या आधी त्यांनी घसा खाकरला. "अजून जरा खाली. काळी ३."

जी-च्या एक घर खाली. माझा हात तसाच राहिला. कॅपो सूर चढवतो, उतरवायचं काम त्याला येत नाही. जी-चेच आकार धरून काळी ३ हवी तर कॅपो अकराव्या फ्रेटवर न्यावा लागेल. तिथे गिटार संपत आलेली असते. सहाही तारा अर्धा-अर्धा सूर उतरवता आल्या असत्या, पण टाळ सुरू झाले होते. मी ते पूर्ण भजन गिटार मांडीवर आडवी घेऊन, तिच्या पोटावर बोटांनी ठेका धरून काढलं. कुणाचं काही अडलं नाही, हेही लागलं जरा.

काकूंचं मात्र मी नीट पाहिलं. त्यांनी पेटीचा एक खटका सोडला, अख्खी सुरांची फळी बाजूला सरकवली, खटका पुन्हा लावला आणि वाजवायला लागल्या. भजन संपल्यावर विचारलं. "स्केल चेंजर गं. पट्ट्या सरकतात, खालच्या रीडा तिथेच राहतात. मी बोटं सगळीकडे काळी १ चीच टाकते," असं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला, "पंधरा वर्षं झाली. तुझ्या सासूला सांगू नकोस." म्हणजे मंडळात चिमटा लावणारी मी एकटी नव्हते. गिटार वाजवणाऱ्यांतले काही कॅपोला कुबडी म्हणून हिणवतात. त्यांतल्या कुणी स्केल चेंजरवर नाक मुरडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

घरी येऊन पट्ट्या काढल्या. काळी ३ साठी ई-चे आकार आणि कॅपो २, किंवा डी-चे आकार आणि कॅपो ४. दोन्ही वाजवून पाहिले. कागदावर ते एकच आहेत, कानाला नाहीत. ई-च्या आकारात सहावी जाड तार मोकळी घुमते, भजनाच्या ठेक्याला खालून आधार मिळतो, पंचमाच्या जागी बी सेव्हन चालतो. डी-च्या आकारात खालच्या दोन तारा जवळजवळ गप्प बसतात आणि वरच्या किणकिणतात. एकट्या आवाजाच्या भावगीताखाली ते फार गोड लागतं, टाळ-तबल्यात बुडून जातं. तोवर मला वाटत होतं की सोपा आकार निवडायचा एवढाच प्रश्न आहे. सासूबाईंना न सांगता दोन्ही ऐकवले. डी-च्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि ई-च्या वेळी मांडीवर हात मारायला लागल्या. मला हवं ते उत्तर मिळालं.

किती वर जायचं यालाही शेवट आहे. एकदा हौसेनं आठव्या फ्रेटवर कॅपो लावून सी-चे आकार धरले. मोजपट्टी लावून पाहिलं: माझ्या गिटारवर पहिलं घर ३६ मिलिमीटरचं आहे, नववं २३ चं. सी कसाबसा बसला, पण जिथे तीन बोटं एका घरात शेजारी बसवावी लागतात तो ए म्हणजे सकाळच्या लोकलचा डबा. आवाजही मेंडोलिनसारखा बारीक. लहान बोटांच्या माणसाला जमेल, मला सहाव्यापुढे नको.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मंडळाचा कार्यक्रम ठरला, शेवट अर्थातच भैरवीनं. इथे माझी चार कॉर्डांची पुंजी संपली. भैरवीत रे, ग, ध, नि सगळे कोमल. सा-वर मायनर कॉर्ड धरायचा आणि कोमल रे आला की त्याच्या कॉर्डवर जाऊन परत यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. भैरवीखाली याहून जास्त कॉर्ड घालू नयेत असं माझं मत आहे, आणि एवढेही नकोत म्हणणारे असतील. सा-साठी ई मायनरचा आकार घेतला, कॅपो चौथ्यावर, काळी ४ मिळाली. आता कोमल रे. ई-च्या पुढचंच घर. ई-च्या पुढे कोण? एफ.

ज्याला चुकवायला अडीचशे रुपये मोजले तो पुन्हा समोर. पट्ट्या कितीही सरकवल्या तरी सुटका नव्हती. ए मायनरचा आकार घेतला तर कोमल रे-ला बी फ्लॅट येतो, आणि तो एफहून वाईट.

त्या दिवसांत मी फ्लामेंकोचे कार्यक्रम ऐकत होते. स्पेनमधल्या त्या गाण्यात गिटारवाला कॅपो लावतो तो गाणाऱ्याच्या गळ्यावरून. तिथे त्याला सेहिया म्हणतात. गाणाराच सांगतो, चौथ्यावर लाव आणि 'पोर मेदिओ' घे, म्हणजे ए-च्या आकारात. ई-च्या आकारात हवं असेल तर 'पोर आरिबा'. अगदी आमच्या सासूबाई. आणि त्या ई-च्या आकारातल्या वाजवण्याचा जीव आहे ई आणि एफ या दोन कॉर्डांच्या ये-जा मध्ये. त्यांचे उतरते सूर कानावर पडले की भैरवीचा वास येतो, कारण बारातले निवडलेले सूर तेच आहेत. हजारो मैलांवर कुणीतरी तोच एफ रोज संध्याकाळी वाजवतंय म्हटल्यावर मलाही जरा हुरूप आला.

मग बसले. आणि एक गंमत कळली. चौथ्या फ्रेटवर कॅपो असताना एफचा आकार पहिल्या फ्रेटवरच्या एफहून कितीतरी सोपा. घरं लहान झालेली असतात हे एक कारण. दुसरं माझ्या गिटारचं: तिच्या मानेच्या टोकाचा नट, ज्याच्या खाचांतून तारा येतात, तो जरा उंच आहे, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तारा दाबायला जास्त जोर लागतो. कॅपो लावला की तो नट खेळातून बाद. आठ महिने मी बोटांना शिव्या देत होते, त्यातल्या निम्म्या त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या वाट्याच्या होत्या. चौथ्यावर एफ बोलायला लागल्यावर कॅपो तिसऱ्यावर आणला, आठवड्यानं दुसऱ्यावर, मग पहिल्यावर. नवरात्र संपता संपता कॅपोशिवाय एफ वाजला. सहाच्या सहा तारा. रात्रीचे साडेअकरा झाले होते, सांगायला जागं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोव्याच्या काकांना जिन्यात सांगितलं. "आता तो कुठेही ने," एवढंच म्हणून ते दूध आणायला गेले.

कोजागिरीला गच्चीवर चटया, मोठ्या पातेल्यात मसाला दूध, आणि वारा. सासूबाईंची वही दोनशे पानी, पंचवीस-तीस वर्षांची, शिवण सुटलेली. प्रत्येक गाण्याला पान शोधायचं आणि ते हातानं दाबून धरायचं. कार्यक्रम छान चालला होता. ४४४, कॅपो पहिल्यावर, जी-चे आकार. मध्ये दोन भावगीतं सहाव्यावर डी-च्या आकारात. शेवटून दुसरं गाणं सर्वांनी मिळून म्हणायचं, त्यात गिटार नव्हती. मी कॅपो काढून डोक्याला लावला, गिटार भिंतीला टेकवली आणि दुधाचे पेले वाटायला उठले.

परत येऊन बसते तोवर काकूंनी सूर धरला होता. मी डोक्याकडे हात नेला. कॅपो नव्हता. चटईवर नाही, मांडीखाली नाही. वर पाहिलं तर तो सासूबाईंच्या वहीवर. वाऱ्यानं पान उडत होतं म्हणून त्यांनी तो गिटारवरून काढून वहीला लावला होता, भैरवीच्या पानाला, घट्ट. त्यांचे डोळे मिटलेले, आलाप सुरू.

मागता आला नसता.

काळी ४, सा मायनर. माझी तर्जनी आडवी झाली आणि चौथ्या फ्रेटवर गेली, एरवी तिथे स्प्रिंग असते. वर एफ मायनरचा आकार. बोललं. कोमल रे आला तेव्हा तीच तर्जनी एक घर पुढे, पाचव्यावर, आणि एक बोट जास्त टेकवून एफचा आकार. परत मागे. पुन्हा पुढे. दुसऱ्या कडव्यापर्यंत अंगठ्याच्या बुडाशी तीच जुनी कळ आली, तिसऱ्याला हात थरथरायला लागला आणि दोन तारा ठप्प झाल्या, पण तबला मोठा होता. शेवटची तिहाई झाली तेव्हा माझ्या तर्जनीवर सहा रेषा होत्या, दोन ठिकाणी लाल.

लोक उठायला लागले. सासूबाईंनी वही मिटली, चिमटा तिच्यावर तसाच.

"शेवटी जरा जड वाजवलंस," त्या म्हणाल्या. "पण भैरवीला बरं वाटतं तसं. हा चिमटा राहू दे माझ्याकडे, तुला दुसरा आण."